गाडी कोपऱ्यावर उभी करा

भिलाईतल्या आमच्या मराठी मंडळाच्या यंदाच्या अंकात माझ्या दिवंगत शेजाऱ्यांवर जे टिपण छापून आले आहे, ते मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात वाटले, दोष माझ्या चष्म्याचा असावा. दुसऱ्या वाचनात खात्री पटली की दोष लिहिणाऱ्याच्या दानतीचा आहे. "हुशार, पण विक्षिप्त" अशी फुले वाहून लेखकमहाशयांनी, म्हणजे मंडळाच्या विद्यमान सचिवांनी, पुढच्याच ओळीत भिलाईतली बोलावा-गाडी त्यांच्या हट्टापायी बंद पडली असे ठोकून दिले आहे. एवढ्यावर समाधान झाले नाही म्हणून शेवटी, मेल्यावरही त्यांनी घरच्यांची शोभा केली, असा शेरा मारला आहे.

सचिव त्या गाडीत एकदाही बसलेले नाहीत. अंत्ययात्रेला ते आले तेही उशिरा, स्वतःच्या मोटारीतून, आणि काच खाली न करता. मी दोन्ही ठिकाणी हजर होतो. म्हणून हे लिहिणे माझ्याकडे येते. माझ्या या शेजाऱ्यांचे नाव मात्र मी लिहिणार नाही. ज्यांनी ते खराब केले, त्यांनी ते पुरेसे छापले आहे.

ते विक्षिप्त होते, हे मला सचिवांकडून शिकायचे नाही. स्मृती नगरात आमची घरे समोरासमोर होती आणि निवृत्तीनंतर त्यांच्या विक्षिप्तपणाचा पहिला मारा माझ्यावरच होत असे. पोलाद कारखान्याने दिलेले, बोटांवर लोखंडी टोपी असलेले जाड बूट ते लग्नाला घालून जात. रेशमी झब्बा, वर उपरणे आणि खाली ते बूट. कोणी हसले तर म्हणत, "पंगतीत वाढपी पायावर वरणाची बादली पाडते, तवा तुमी नाचता. मी जेवतो."

त्यांची दुसरी खोड म्हणजे त्यांचे क्षेमकुशल. "कसे आहात" हा प्रश्न त्यांनी आयुष्यात कोणाला विचारला नाही. ते विचारत, "कुठून कुठं?" भाजी आणायला निघालेल्या बाईला, शाळेतून येणाऱ्या मुलांना, दवाखान्यात सलाईन लावून पडलेल्या माणसाला, एवढेच काय, सचिवांच्या मुलीच्या लग्नात बोहल्यावर उभ्या असलेल्या वधूलासुद्धा. सचिवांना तो अपमान वाटला आणि माझ्या मते त्यांच्या टिपणाचे मूळ तिथेच आहे. मुलीने मात्र सरळ उत्तर दिले होते, "काका, भिलाईहून बिलासपूर." तेव्हा त्यांनी मान डोलवून तिला गाडीची वेळ सांगितली होती.

या प्रश्नामागे त्यांची सारी नोकरी होती. कारखान्याच्या वाहन विभागात ते अधिकारी होते. कोणती गाडी कोणाला घेऊन कुठे जाईल, हे ठरवण्यात त्यांची उमर गेली. पाळी बदलताना बसमागे धावणारे कामगार त्यांनी रोज खिडकीतून पाहिले होते आणि ते दृश्य त्यांच्या डोक्यातून निवृत्तीनंतरही गेले नाही. त्यामुळे बाहेरची एक कंपनी आमच्या शहरात बोलावा-गाडी सुरू करायला आली आणि स्थानिक समन्वयक शोधू लागली, तेव्हा हे गृहस्थ मानधनाचे न विचारता तिच्या दारात जाऊन उभे राहिले.

ज्यांनी ती गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ती छोटी बस होती. तिला ठरलेला मार्ग नव्हता, ठरलेली वेळ नव्हती. मोबाइलवर आपण कुठून कुठे जायचे ते कळवायचे; एकाच दिशेने जाणाऱ्यांना संगणक एकत्र गुंफायचा आणि गाडी प्रत्येकाच्या दाराशी यायची. कुठून कुठं. जणू कोणी त्यांच्याच प्रश्नाचे यंत्र बनवले होते.

संध्याकाळी फिरताना आमचे यावर भांडण होई. मी म्हणत असे, "भाऊ, लोक ऑटोत बसते ना. तुमची गाडी कावून पायजे?"

"ऑटो भरल्याशिवाय हलते का?"

"नाई हलत."

"आन भरल्यावर गल्लीत शिरते का?"

"नाई शिरत."

"मंग? तुमी ऑटोचे वकील हा का? जिंदगीभर मी माणसायले गाडीमागं पयवलं. आता गाडी माणसामागं पयंल. दारात जाऊन उभी राहील, दारात."

हे "दारात" ते फार अभिमानाने म्हणत. आमच्या टाऊनशिपमध्ये दारात गाडी येणे हा साहेबाचा मान होता. बाकीच्यांनी कोपऱ्यावर उभे राहायचे. तो मान त्यांना खुर्सीपार या कामगार वस्तीच्या शेवटच्या गल्लीपर्यंत न्यायचा होता. हेतू उत्तम होता. चूकही त्याच हेतूत दडलेली होती, पण ती तेव्हा ना त्यांना दिसली, ना कंपनीला.

पहिल्या फेरीला ते मला ओढून घेऊन गेले. गाडी पांढरीशुभ्र होती. कंपनीचा रंगच तो. पहिली मागणी खुर्सीपारमधून आली होती, याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी वाटेत गाडी थांबवून झेंडूचा हार घेतला. बोलावणारी होती कांताबाई. तिला साखरेचा आजार, पायाला जखम, आणि एक दिवस आड दवाखान्यात जाऊन पट्टी बदलणे भाग. ऑटो मोठ्या रस्त्यावर सोडायचे आणि तिथून घरापर्यंत चालण्यात जखम पुन्हा उघडायची. तिची सून संगीता हिने मोबाइलवरून गाडी सांगितली होती; ती थेट दारात येईल याची सासूला कल्पना नव्हती.

आम्ही गल्लीत शिरलो आणि नळावरच्या बायकांचे बोलणे थांबले. कोणी घागर तशीच भरत ठेवली. एक बाई धावत पुढे गेली आणि तिने दारात उभ्या असलेल्या कांताबाईला धरून खाली बसवले. गाडी दाराशी लागली. त्यातून इस्त्रीच्या कपड्यांतले दोन म्हातारे उतरले, एकाच्या हातात हार. कांताबाईने आमच्याकडे पाहिले, हाराकडे पाहिले आणि उंबऱ्यावर कपाळ टेकले.

"माहा पोरगा," एवढेच ती म्हणाली.

आमचे गृहस्थ हार पुढे करून म्हणाले, "नमस्कार बाई. कुठून कुठं?"

त्या क्षणी गल्लीत जो आकांत उठला, तो मी वर्णन करणार नाही. ड्रायव्हर छत्तीसगढी, शहाणा माणूस. तो माझ्या कानाशी लागला, "बाबूजी, दाई काबर रोवत हे? इहां कुछु होगे हे का?" कांताबाई का रडते आहे, ते मलाही समजेना. समजले ते संगीताला. तिने आत जाऊन मोबाइल आणला, कारखान्यात ठेकेदाराकडे कामावर असलेल्या नवऱ्याला लावला आणि सासूच्या कानाला धरला. पलीकडचा आवाज आम्हा सर्वांना ऐकू आला.

"आई, मी जिता हावो. कामावर हावो. तू कावून रडून राहिली? सुपरवायझर बोंबलून राहिला इकडं."

मग सगळी गल्ली हसली. शेजारणीने चहा आणला. कांताबाई डोळे पुसत गाडीत बसली आणि हार ड्रायव्हरने आरशाला बांधला. गाडीत मागे बसून आलेल्या कंपनीच्या माणसाने मात्र मधल्या वेळात फोटो काढून घेतला होता आणि तो पुढे जाहिरातीत आला. खाली ओळ होती: "पहिल्या प्रवासी भावुक झाल्या." निर्लज्जपणालाही काही मोजमाप असावे.

त्यानंतर खुर्सीपारमधून मागण्या बंद झाल्या. कांताबाईनेही पुन्हा गाडी बोलावली नाही. कंपनीचा व्यवस्थापक तरुण होता, मराठी घरातला, पण कचेरीत हिंदीखेरीज बोलत नसे. तो म्हणाला, "सर, उस एरिया में डिमांड ही नहीं है. स्मृती नगर में बढ़ाते हैं." आमचे गृहस्थ उठले, बूट वाजवत बाहेर पडले आणि मला गाडीत घालून खुर्सीपारला गेले. सचिव लिहितात की तिथे ते "झोपडीत बसून रडले आणि तेव्हापासून त्यांचे मानसिक संतुलन ढळले." तिथे कोणती झोपडी नव्हती. पक्के घर होते, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती आणि मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर होतो. कोणी रडले नाही. जे झाले ते असे.

त्यांनी विचारले, "बाई, गाडीत काई खोट होती का?"

"गाडीत कायची खोट, साहेब. गाडी चांगली हाये."

"मंग बोलावत कावून नाई?"

कांताबाईने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. मग म्हणाली, "साहेब, ह्या गल्लीत दारावर गाडी कवा येते? कारखान्यात कोनाले काई झालं तवा. माह्या मालकाच्या टायमाले अशीच आली होती. पांढरी. दोन साहेब उतरले, घर विचारलं. आता गाडी गल्लीत शिरली का जो तो पह्यले मोजते, आपलं कोन बाहेर हाये. माह्या एका पट्टीसाठी मी साऱ्या गल्लीचा जीव दिवसाआड टांगू का?"

संगीता मधे म्हणाली, "त्या दिवशी समोरच्या आजीचं बीपी वाढलं. तिचे दोन नातू आत कामाले हायेत."

परतताना ते गाडीत बसले नाहीत. पायी निघाले आणि मलाही पायी चालावे लागले. पुढे रेल्वे फाटक लागले. फाटक बंद होते, तिथे थांबल्यावर म्हणाले, "तिच्या मालकाच्या टायमाची गाडी मीच धाडली होती."

"तुमचं कामच होतं ते, भाऊ."

"हाव. काम होतं. गाडी कवा सुटली ते मले माहीत राहे, कवा परत आली ते माहीत राहे. मधात गल्लीत काय झालं, ते पहाले मी कधी गेलो नाई. आन आता त्याच रंगाची गाडी घेऊन गेलो. हार घेऊन."

याला जर संतुलन ढळणे म्हणत असतील, तर आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीचे संतुलन एकदा तरी ढळावे अशी माझी इच्छा आहे.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दोन गोष्टींचा लकडा लावला. गाडीला पिवळा रंग द्या, आणि गाडी दारात नको, कोपऱ्यावर उभी करा. पहिल्या मागणीवर व्यवस्थापक म्हणाला, पांढरा रंग ही कंपनीची ओळख आहे, सर्व शहरांत तोच. दुसऱ्या मागणीवर तर तो हसलाच. "सर, डोरस्टेप हमारा प्रॉमिस है. कोपरा तो बस स्टॉप हो गया. फिर फ़र्क क्या रहा?" हे उर्मट पोरगे दोन पिढ्यांपूर्वी अमरावतीहून आलेल्या माणसाचा नातू होते, हे मला पुढे कळले.

परवानगीची वाट न पाहता, ड्रायव्हरला सांगून, फरक त्यांनी करून दाखवला. खुर्सीपारमध्ये आटाचक्कीजवळ गल्लीचे तोंड आहे. गाडी तिथे उभी राही. लोक आपापल्या सोयीने बोलावत, पण गाडी गल्लीत शिरत नसे. तिथपर्यंतची वाट सपाट आणि चार घरांची, कांताबाईला सुनेच्या आधाराने जमण्यासारखी. ज्यांना तेही जमत नसे त्यांच्यासाठी चक्कीवाल्याने पिठाच्या पोत्यांची हातगाडी देऊ केली. ऑटोवाल्यांनी गाडी बंद पाडली, असेही एक पुराण मंडळात सांगितले जाते. ते पहिल्या दिवशी अंगावर आले हे खरे. पण हे गृहस्थ त्यांच्या नाक्यावर जाऊन म्हणाले, "ज्यायले तुमी गल्लीतून आनत नाई, त्यायलेच मी नेतो. तुमी आनत असान तर मी उद्यापासून येत नाई." त्यानंतर चक्कीसमोरची जागा ऑटोवालेच मोकळी ठेवू लागले.

स्वतःच्या बाबतीतही त्यांनी नियम मोडला नाही. स्मृती नगरात गाडी दारात यायला कोणाची हरकत नव्हती. पण हे आमच्या रस्त्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभे राहत. गुडघे दुखत असताना मलाही तिथपर्यंत चालवत. मी शिव्या घालत जाई. "तुमच्या कोपऱ्याच्या पायी माहे गुडघे जातीन, भाऊ."

"जाऊ द्या. खुर्सीपारवाला कोपऱ्यावर आन आपन दारात? असं नाई चालत बा."

गाडी भरू लागली. म्हातारे, गरोदर बाया, शाळेतली पोरे, दवाखान्यातून परतणारे. कांताबाईची जखम भरत आली होती. डॉक्टरांनी पट्टी आठवड्यावर आणली, हे तिने मला स्वतः सांगितले. आणि नेमके तेव्हाच कंपनीच्या संगणकात ती गाडी रिकामी धावत होती. कारण संगणकाला दार हवे होते. माणूस दिलेल्या पत्त्यावर, गाडीच्या ठिपक्यासमोर सापडला नाही, तर तो "प्रवासी गैरहजर" अशी नोंद करी. चक्कीजवळून चढलेला प्रत्येक जण गैरहजर ठरला. भरलेल्या गाडीत उभे राहून मी व्यवस्थापकाला फोन केला, तर तो म्हणाला, "अंकल, सिस्टम में ज़ीरो दिख रहा है."

"मग ही जी बाई माझ्या पायावर उभी आहे, ती कोण?" मी विचारले. त्यावर त्याने मला शांत राहण्याचा सल्ला दिला.

शेवटची बैठक कंपनीच्या थंडगार खोलीत झाली. पडद्यावर खुर्सीपारचा नकाशा आणि त्यावर पसरलेले लाल ठिपके, सगळे गैरहजर. सचिव त्या बैठकीत मान्यवर नागरिक म्हणून बसले होते. त्यांच्या टिपणातली सारी माहिती त्या पडद्यावरून उतरवलेली आहे. आमचे गृहस्थ उभे राहिले. म्हणाले, "गाडी खाली उभी हाये. आता जाऊ. चक्कीपाशी थांबू. कोन हजर, कोन गैरहजर, डोळ्यांनी पाहू." कोणी उठले नाही. व्यवस्थापकाचे वरिष्ठ खास रायपूरहून आले होते. ते घड्याळ पाहू लागले. तेव्हा आमच्या गृहस्थांनी त्या वरिष्ठांना विचारले, "साहेब, तुमी कुठून कुठं?"

"रायपूर से आया हूँ."

"नाई. रायपूरहून पडद्यापर्यंत. पुढं तुमाले कोनी नेलं नाई."

सचिवांच्या भाषेत यालाच "पाहुण्यांचा अपमान करून सेवा बंद पाडणे" म्हणतात. सेवा त्या बैठकीआधीच बंद करायचे ठरले होते. कंपनीला फक्त एक नाव हवे होते आणि आमचे गृहस्थ उभे राहून बोलल्यामुळे ते आयते मिळाले. "स्थानिक समन्वयकाने कार्यपद्धतीचे उल्लंघन केले," असे कारण देऊन कंपनी गाड्या घेऊन निघून गेली. आज ती कंपनीही राहिलेली नाही. राहिला तो ठपका, आणि तो सचिवांनी आमच्या मंडळाच्या अंकात, कापडी बांधणीत, जपून ठेवला आहे.

मी त्यांना देव करू पाहत नाही. माणूस हेकट होता. रंगाच्या प्रश्नावर थोडे नमते घेतले असते, संगणक शिकलेल्या एखाद्या माणसाला हाताशी धरले असते, तर कदाचित त्या ठिपक्यांचे काही झाले असते. हे मी त्यांना तोंडावर सांगितले होते आणि आम्ही दोन आठवडे बोललो नव्हतो. पण हेकटपणाने पाय जात नाहीत. गाडी गेल्यावर कांताबाई पुन्हा मोठ्या रस्त्यापासून चालू लागली. मग पट्टीला खाडे पडले. मग तिचा पाय घोट्यापासून काढावा लागला. हे ज्या दिवशी कळले त्या दिवशी त्यांनी लोखंडी टोपीचे ते बूट काढून ठेवले आणि पुन्हा घातले नाहीत.

आता शेवटच्या "शोभे"विषयी. आजार वाढल्यावर त्यांनी मला बोलावून घेतले. वहिनी पलीकडच्या खोलीत होत्या.

"एक काम हाये तुमच्याकडं," ते म्हणाले. "माही गाडी येईन तवा दारात आनू नोका. टाकीपाशी उभी करा. तिथवर मले न्या."

"लोक काय म्हणतीन, भाऊ?"

"लोक लिहितीन अंकात. लिहू द्या. हिनं ते पांढरं दारात लागलेलं पाहू नाई. तेवढं करा."

मी केले. मुलगा चिडला होता, जावई कुजबुजत होते, शववाहिनीच्या ड्रायव्हरला मी रस्त्याच्या टोकाशीच अडवले. आम्ही चौघांनी उचलून त्यांना टाकीकडे नेले. तिथे पोचतो तो पाहतो, टाकीच्या सावलीत माणसे उभी. खुर्सीपारचा चक्कीवाला, संगीता, तिचा नवरा पाळी सोडून आलेला, काही ऑटोवाले. घरापर्यंत त्यांच्यातला कोणी आला नव्हता. कोणी बोलावलेच नव्हते. आणि एका ऑटोत, दार उघडे ठेवून, एक पाय खाली सोडून बसलेली कांताबाई.

शववाहिनीचा ड्रायव्हर नवा होता. तो वैतागून मला म्हणाला, "बाबूजी, घर तो पीछे रह गया. गाड़ी यहाँ क्यों लगवाई?"

मी तोंड उघडण्याआधी कांताबाई ऑटोतून म्हणाली, "लगने दो, भैया. वो यहीं से बैठते हैं."